दोन मापे

दिवाळी आटोपली की वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या बाजूने प्रवास करणाऱ्यास रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. आंबिया बहराच्या तोडणीचा तो हंगाम असतो. ढिगांभोवती बाया-माणसे बसलेली असतात. एकेक फळ हातात घ्यावे, एकवार फिरवून पाहावे आणि तीन-चार ढिगांपैकी एका ढिगात टाकावे, असे त्यांचे काम दिवसभर चाललेले असते. काम क्षणाचे, परंतु त्या क्षणात एक निवाडा होत असतो. हे फळ परदेशी जाईल, हे नागपूर-दिल्लीच्या बाजारात जाईल, हे आठवडी बाजारात विकले जाईल आणि हे उकिरड्यावर जाईल. माणसांविषयी असे निवाडे करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे आपण जाणतो. फळांविषयी मात्र आपण निश्चिंत असतो. वस्तुतः फळांची प्रतवारी करता करता नकळत माणसांचीही प्रतवारी होत असते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

आधी थोडे फळाविषयी. वऱ्हाड म्हणजे कपाशीचा मुलूख, अशीच त्याची जुनी ओळख. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या जमिनीत संत्रा स्थिरावला तो नंतर. नागपूरकर भोसल्यांच्या काळात हे झाड औरंगाबादेकडून नागपुरास आले, असे सांगितले जाते. तेथून ते अमरावती जिल्ह्यात पसरले आणि वरूड-मोर्शीच्या भागाला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ हे कौतुकाचे नाव मिळाले. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली. अकोला जिल्ह्यात वाडेगावचे लिंबू प्रसिद्ध आहे, अकोटच्या बाजूला केळीच्या बागा आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे. ते १९५२ पासून १९६२ पर्यंत देशाचे कृषिमंत्री होते आणि त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात उभे आहे. म्हणजे शेतमाल दूरच्या बाजारात पोहोचावा, शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळावेत, हा विचार या मातीला नवा नाही.

दूर पाठवावयाच्या फळाची निगा कशी घ्यावी लागते हे पाहण्यासारखे आहे. संत्रा ओढून तोडावयाचा नसतो. ओढला की देठापाशी साल फाटते. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल आणि नाजूक. फाटलेल्या जागेतून हिरवी बुरशी आत शिरते. म्हणून कात्रीने देठ फळालगत कापावयाचा. लांब ठेवला तर तोच देठ शेजारच्या फळाला टोचतो. मग धुणे, पुसणे, आकारानुसार निवडणे, खाण्यायोग्य मेणाचा पातळ लेप देणे, हवेसाठी भोके ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात थर लावणे आणि साधारण सहा-सात अंशांच्या थंडाव्यात माल ठेवणे, असा क्रम असतो. पूर्वी लाकडी पेटीत भाताचा पेंढा घालून संत्री रेल्वेने कलकत्त्या-दिल्लीस जात. आता लाकडालाही नियम आहे. २००२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय ठरावानुसार परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेटीला आणि फळीला उष्णतेची वा धुरीची प्रक्रिया करावी लागते, म्हणजे लाकडातील कीड दुसऱ्या देशात जात नाही. आणि तसे केल्याची खूण म्हणून लाकडावर गव्हाच्या कणसाची मुद्रा उमटवतात.

एवढा खटाटोप कशासाठी? फळ टिकावे म्हणून, हे खरेच. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. आठवडी बाजारात गिऱ्हाईक आणि विकणारी समोरासमोर असतात. गिऱ्हाईक फळ दाबून पाहते, वास घेते, घासाघीस करते; खराब निघाले तर पुढच्या आठवड्यात येऊन दोन शब्द सुनावते. हजारो मैलांवर असलेल्या माणसाला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याच्यापुढे येते ते बंद खोके. त्यावर वाण, प्रत, वजन, देश आणि ज्या ठिकाणी माल भरला तेथील क्रमांक लिहिलेला असतो. ज्या माणसाला आपण कधी पाहणार नाही आणि जो आपल्याला कधी पाहणार नाही, त्याला दिलेला तो शब्द आहे. नीतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता खोके हे केवळ वेष्टन नव्हे. ते एक वचन आहे.

या वचनाची कसोटी कोणती? सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकवीत, तेव्हा त्यांच्या ‘सुम्मा’तील खरेदी-विक्रीचे प्रकरण पुष्कळांना नीरस वाटे. तेराव्या शतकातील या तत्त्वज्ञाने घोड्यांचा बाजार चांगलाच पाहिला असावा. विकणाऱ्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय, असा प्रश्न ते उपस्थित करतात. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असेल, आणि किंमतही त्या मानाने कमी केली असेल, तर तो ओरडून सांगण्याचे बंधन नाही, कारण घेणाऱ्यालाही डोळे आहेत. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल वा त्याच्या जिवाला धोका असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. येथे ते जी उदाहरणे देतात, त्यांत पडायला आलेले घर धडधाकट म्हणून विकणे आहे आणि नासलेले किंवा विषारी अन्न चांगले म्हणून विकणे हेही आहे.

उघड दोष आणि लपलेला दोष, हा भेद आपण संत्र्याच्या ढिगापाशी घेऊन बसलो तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. वरच्या थरात मोठी, तेजस्वी फळे आणि खालच्या थरात बारीक, मऊ पडलेली फळे भरणे, ही आपल्याकडील जुनी लबाडी. येथे दोष लपवलेला आहे आणि तो लपवण्यासाठीच चांगल्या फळांचा उपयोग केलेला आहे. एक नासका आंबा साऱ्या आढीला नासवतो, ही म्हण तर आपण लहानपणापासून ऐकतो. वरच्या थराने खालच्या थराविषयी खोटी साक्ष दिली, असेच म्हणावे लागेल.

मेणाच्या लेपाचे काय? काही भाविक माणसे विचारतात की फळाला चकाकी आणणे ही फसवणूक नाही काय. फळाच्या सालीवर निसर्गतःच मेणाचा सूक्ष्म थर असतो. धुताना तो जातो आणि फळातील पाणी लवकर उडू लागते. गेलेला थर भरून काढण्यासाठी खाण्यायोग्य लेप दिला तर त्यात अधर्म नाही. महिन्याचे शिळे फळ कालचे भासावे म्हणून तोच लेप दिला तर मात्र तो अधर्म होय. रंगाचेही तसेच. संत्र्याला पिवळा-नारिंगी रंग येण्यास थंड रात्री लागतात. थंडी उशिरा पडली तर फळ आतून पिकलेले आणि बाहेरून हिरवट, असे होते. अशा फळाला मर्यादित प्रमाणात इथिलीन वायू देऊन सालीचा रंग उजळवतात. या वायूची निर्मिती फळे स्वतःही करतात. आत गोडी आहे आणि बाहेरचा रंग तेच सांगू लागला, तर ते असत्य नव्हे. याउलट कच्चा आंबा वा केळी कॅल्शियम कार्बाइडने पिवळी करणे यात रंग खोटे बोलतो आणि शरीरालाही अपाय होतो. आपल्या देशाच्या कायद्याने कार्बाइडला मनाई केलेली आहे, ती योग्यच आहे. सारांश, फळ सजवणे आणि फळाविषयी खोटे बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि विवेकबुद्धीला त्यांतील सीमा ओळखता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उत्तम ते परदेशी पाठवावे आणि उरलेले घरच्यांनी खावे, हे न्याय्य आहे काय?

आमच्या भागातील काही कॅथॉलिक कुटुंबे हंगामात संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला जातात. अशाच एका घरी भेटीला गेलो असता म्हाताऱ्या आईने बारीक बारीक संत्र्यांची पाटी पुढे ठेवली आणि म्हणाली, “खा फादर. चांगलं तं गाडीत भरून गेलं, हे रायलं-सायलं हाय. पन गोड हाय.” फळ खरोखरच गोड होते. तिच्या बोलण्यात खंत होती असे म्हणता येणार नाही; जे आहे ते तिने सांगितले. तिच्या त्या शेवटच्या तीन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. आकाराने लहान असलेले फळ कमी प्रतीचे ठरते ते बाजारात, जिभेवर नव्हे. त्याच झाडाचे, त्याच पाण्यावर वाढलेले, त्याच उन्हाने गोड झालेले ते फळ. ते स्वस्त विकले जाते म्हणूनच मजुराच्या मुलाला खायला मिळते. मोठे फळ ज्याला अधिक पैसे मोजायचे आहेत त्याने न्यावे, यात मला अन्याय दिसत नाही. बगिच्यासाठी कर्ज काढलेल्या शेतकऱ्याने चांगल्या भावाची वाट पाहू नये, असे सांगणारा धर्म भरल्या पोटाचा धर्म होय.

रूपावरून केलेली निवडही मूलतः पाप नाही. मात्र तिचा अतिरेक हास्यास्पद होऊ शकतो. युरोपातील देशांनी १९८८ साली काकडीविषयी नियम केला होता. सर्वोत्तम प्रतीच्या काकडीला दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरहून अधिक बाक असू नये, असे त्यात होते. चवीचा, पोषणाचा आणि त्या बाकाचा काही संबंध नव्हता. सरळ काकड्या खोक्यात नीट बसतात, मोजता येतात, एवढीच सोय होती. खोक्यासाठी काकडी नाकारली जाऊ लागली. शेवटी २००९ च्या जुलैपासून काकडीसह सव्वीस फळभाज्यांवरील असे नियम त्यांनीच रद्द केले. अन्न वाया जाते हे ध्यानात आल्यावर शहाणपण आले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात वस्तू आणि माणसे फेकून देण्याच्या वृत्तीवर जे कडक भाष्य केले, त्याची प्रचीती अशा ठिकाणी येते. आपणही बाजारात डाग पडलेला संत्रा बाजूला सारतो, तेव्हा फेकण्याच्या साखळीतील एक कडी आपल्या हाती असते.

आकार आणि रूप यांच्यानंतर निवडीची तिसरी कसोटी येते, ती निर्दोषपणाची. फळावर कीटकनाशकाचा अंश किती उरला आहे, त्यात कीड आहे काय, ते स्वच्छ पाण्याने धुतले आहे काय. येथे मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते.

२०१० सालची नाशिककडील द्राक्षांची हकीकत अनेकांना आठवत असेल. द्राक्षांच्या निर्यातीसाठी २००६ च्या सुमारास बागांची नोंदणी, प्रयोगशाळेतील तपासणी आणि खोक्यापासून बागेपर्यंत माग काढण्याची व्यवस्था सुरू झाली होती. व्यवस्था चांगली होती. परंतु क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे वाढ रोखणारे एक रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपातील प्रयोगशाळांनी ते शोधून काढले, माल अडला आणि शेतकऱ्यांचे अपरिमित नुकसान झाले. त्यानंतर ते रसायन यादीत आले. २०१४ साली तशीच वेळ आंब्यावर आली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या दोनशे सात मालांत फळमाशी वा अन्य कीड आढळली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूससह आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली, तीही उष्णतेची प्रक्रिया आणि तपासणी अधिक कडक झाल्यावर.

या दोन्ही प्रसंगी आपल्याकडे पुष्कळ संताप व्यक्त झाला. परकीयांना आपला माल नकोच आहे, असे म्हटले गेले. त्यात काही तथ्य असेलही. व्यापाराच्या नियमांत स्वार्थ मिसळलेला असतो, हे कोण नाकारील? परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. जो अंश लंडनच्या वा रोटरडॅमच्या मुलाच्या पोटात जाऊ नये म्हणून माल अडवला गेला, तो मोर्शीच्या, अकोल्याच्या, वसईच्या मुलाच्या पोटात जाण्यास हरकत नव्हती काय? हापूसमधील अळी ब्रिटनच्या हद्दीवर अपराध ठरते आणि दादरच्या मंडईत नशीब ठरते, असे कसे?

माझ्या परिचयातील एका तरुण शेतकऱ्याचा संत्र्याचा बगीचा आहे आणि शेजारी वांगी-टोमॅटोची वाडी आहे. संत्र्याचा माल बाहेर जायचा असल्याने तो कोणते औषध केव्हा मारावे, मारल्यावर किती दिवस तोडणी करू नये, याची वही ठेवतो. वांग्यांवर मात्र सोमवारी फवारणी होते आणि बुधवारी ती बाजारात जातात. असे का, म्हणून विचारले तेव्हा तो सरळ म्हणाला, “त्या मालाची तपासनी होते, फादर. ह्या मालाले कोन तपासते?” मग थोडे थांबून त्याने हेही सांगितले की घरच्यासाठी वांग्यांची एक वेगळी ओळ त्याने ठेवली आहे, तिच्यावर तो काही मारत नाही.

तो वाईट माणूस नाही. आपल्या गावोगावच्या कष्टाळू माणसांपैकीच तो एक आहे, आणि घरच्यांसाठी वेगळी ओळ राखणारा तो एकटाच नाही. परंतु त्याच्या शेतातील मापांचा हिशेब मांडून पाहावा. परक्याला शुद्ध माल मिळतो, तो भीतीमुळे. घरच्यांना शुद्ध माल मिळतो, तो मायेमुळे. आणि या दोहोंच्या मधे जो उभा आहे, ज्याची भीती नाही आणि ज्याच्याविषयी माया नाही, तो शेजारी? त्याच्या वाट्याला सोमवारची फवारणी आणि बुधवारचे वांगे येते. दोष लपलेला आहे, आणि तो जिवाला अपायकारक आहे. संत थॉमस यांच्या बाजारात या वांग्यांना जागा मिळाली नसती.

जुन्या करारातील नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. एका थैलीत दोन वजने, एक मोठे आणि एक लहान, बाळगू नयेत, असा तो नियम. दोन वजने वापरू नयेत एवढेच नव्हे, तर बाळगूच नयेत, असे सांगण्यात मोठे शहाणपण आहे. कारण दुसरे वजन जवळ असले की ते कोणासाठी काढावयाचे हे आपोआप ठरते. घेताना मोठे, देताना लहान. बलवानासमोर खरे, दुर्बलासमोर खोटे. आपल्या काळातील वजने लोखंडाची नाहीत. ती तपासणीच्या अहवालांची आणि फवारणीच्या वह्यांची आहेत. पण थैली तीच आहे.

या मापांतून आणखी एक माणूस सुटतो, त्याचा विचार करणे अवश्य आहे. निर्यातीचा माल भरतात त्या ठिकाणी बायांच्या डोक्याला टोप्या आणि हातांत मोजे असतात. केस फळावर पडू नये, हाताचा मळ फळाला लागू नये, म्हणून ही दक्षता. ती आवश्यकच आहे. परंतु ते टोपी-मोजे बाईसाठी नसून फळासाठी आहेत, हे विसरता येत नाही. फळाला थंडावा आहे. तिला बसायला पाट आहे काय, प्यायला पाणी आणि आडोशाला संडास आहे काय, पुरुषाइतक्याच कामाची पुरुषाइतकीच मजुरी आहे काय, हे खोक्यावरच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी माणसाहून उंच वाढलेली, अंगावर साधा सदरा, नाकातोंडाला फार तर उपरणे, आणि पाठीवर पंप. आपण विषाला औषध म्हणतो. त्या शब्दानेही त्यांना फसवले असेल. फळावरील विषाचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंत मोजणारे शास्त्र आपल्यापाशी आहे. फवारणाऱ्याच्या रक्तात किती उतरले हे मोजण्याची निकड मात्र तो दवाखान्यात पोहोचेपर्यंत कोणाला वाटली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयीच्या परिपत्रकात सांगितलेले तत्त्व असे की श्रम करणारा माणूस हा त्याच्या श्रमाच्या वस्तूहून नेहमीच श्रेष्ठ असतो. आमच्या बगिच्यांत आणि शेतांत हे तत्त्व अजून पोहोचावयाचे आहे.

यावर शेतकरी बांधवांचा एक आक्षेप असतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, “फादर, तुम्ही आम्हांला नीती सांगता; पण आमच्याशी कोण नीतीने वागतो?” नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतर आयातीवरील शुल्क टप्प्याटप्प्याने इतके वाढवले की २०२३ च्या हंगामात वरूड-मोर्शीच्या बगिच्यांत भाव कोसळले. फळगळ आहे, कोळशी आहे, विहिरी खोल खोल जात आहेत. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात भूगर्भातील पाण्याचा अतोनात उपसा झालेला आहे. व्यापारी उभा बगीचा ठरवून घेतो आणि भाव उतरला की अर्ध्यावर सोडून जातो. हे सर्व खरे आहे. अन्याय सोसणाऱ्याकडून न्यायाची अपेक्षा करणे कठीण असते. तथापि ज्याच्या हातून वांगे घेतले जाते, ती शेतमजूर बाई बांगलादेशचे शुल्क ठरवीत नाही. वरून आलेला अन्याय खाली ढकलल्याने तो कमी होत नाही. तो केवळ अधिक दुबळ्याच्या अंगावर जाऊन पडतो. म्हणून शेतकऱ्याला न्याय्य भाव मिळावा, ही मागणी आणि शेतकऱ्याने शेजाऱ्याला निर्दोष अन्न द्यावे, ही मागणी, या दोन्ही एकाच तोंडाने केल्या पाहिजेत. पहिली मागणी करणाऱ्या मोर्चात आपण जावे. दुसरी स्वतःच्या बांधावर सुरू करावी.

पवित्र शास्त्रात फळांच्या वेष्टनाचाही एक सुंदर प्रसंग आहे. नव्या भूमीत स्थिरावलेल्या इस्राएली शेतकऱ्याने पहिले पीक टोपलीत घालून वेदीपाशी न्यावे, आपले पूर्वज परदेशी भटके होते हे तेथे बोलून दाखवावे आणि मग आपल्या गावात राहणाऱ्या परक्यासह सर्वांनी त्या समृद्धीचा आनंद घ्यावा, असा तो विधी. उत्तमातील उत्तम देवाला. आणि देवापाशी नेले की त्यात परक्याचाही वाटा. कापणीच्या वेळी शेताचे कोपरे सोडून द्यावेत, वेलीवर मागे राहिलेली द्राक्षे पुन्हा खुडू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यासाठी असू द्यावीत, असेही नियमशास्त्र सांगते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. गरिबासाठी जे राखून ठेवायचे ते उरलेले असते, पण नासलेले नसते. धन्याच्या टोपलीत गेलेला घोस आणि विधवेच्या ओट्यात आलेला घोस एकाच वेलीचा असतो. म्हातारीच्या पाटीतली संत्री त्या जातीची होती. बुधवारची वांगी त्या जातीची नव्हेत.

मलाखी संदेष्ट्याचा एक टोमणा मला या संदर्भात वारंवार आठवतो. त्याच्या काळी लोक वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे आणून अर्पण करीत. संदेष्टा त्यांना विचारतो की हेच जनावर तुमच्या सुभेदाराकडे नेऊन पाहा, तो ते स्वीकारील काय? सुभेदार तपासतो, म्हणून त्याला धडधाकट; देव तपासत नाही, म्हणून त्याला लंगडे. आणि प्रभू येशूने तर आपण भुकेल्यांत, परक्यांत, अगदी लहानांत भेटतो असे सांगून ठेवलेले आहे. तेव्हा आठवडी बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या, भाव विचारून पुढे सरकणाऱ्या, शेवटी दिवेलागणीला उरलेला वाटा उचलणाऱ्या त्या बाईच्या हाती आपण काय देतो, हा प्रश्न केवळ आरोग्यखात्याचा राहत नाही.

आपल्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी फवारणी आणि तोडणी यांमधील दिवसांचा नियम बाहेरच्या मालाला आणि गावच्या मालाला एकच ठेवावा. फवारणीच्या माणसाला मोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे दिल्याखेरीज पंप हाती देऊ नये. तो घालायला कंटाळला तरी आग्रह धरावा. पेटी भरताना खालचा थर आधी आपल्या मुलाला दाखवावा. मुलांना नीती अशी शिकते. ज्यांची शेती नाही त्यांनी बाजारात डागाळलेल्या पण निर्दोष फळाला नाक मुरडू नये, आणि शेतकऱ्याशी घासाघीस करताना मॉलमध्ये आपण ती करीत नाही याची आठवण ठेवावी. वसईच्या वाचकांना हे अधिक सांगणे नलगे. राजेळी केळी सुकवून, त्यांची सुकेळी केळीच्याच वाळक्या पानांत बांधण्याची कला त्यांच्या वाडवडिलांनी जोपासली; त्या पुडीवर कोणाचा क्रमांक नसे, बांधणाऱ्या घराचे नाव हीच तिची हमी असे.

सप्टेंबरच्या आठ तारखेला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, कोकणपट्टीतील आपल्या चर्चमध्ये नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. वऱ्हाडात त्या वेळी संत्रा तयार नसतो; आमचा संत्रा नाताळच्या आगेमागे वेदीपाशी येतो. अर्पणाच्या वेळी येणारी फळे पाहताना मला नेहमी असे वाटते की ही फळे निवडून आणलेली आहेत हे योग्यच. भक्ताने उत्तम तेच आणावे. पण ज्या बगिच्यातून ती आली तेथील वांग्यांची ओळ कोणासाठी आणि कशी वाढवली, याचाही हिशेब त्या टोपलीत असतो. मिस्सा आटोपल्यावर ती फळे मुलांत वाटली जातात. मूल फळाची प्रत विचारत नाही. ते सोलते आणि खाते, कारण ज्याने दिले त्याच्यावर त्याचा विश्वास असतो.